चूळभर खारं पाणी

"आ कर," नातालबाय म्हणाली.

मी आ केला.

"जीभ उचल."

उचलली. म्हातारीने काठी बगलेत मारली, माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि बाजारात बैल बघावा तसं आत निरखून पाहिलं. मागे अख्खं बेट उभं होतं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते, पुरुषांनी टोप्या हातात घेतल्या होत्या, आणि सगळेच माझ्या दाढांकडे बघत होते.

"तंबाखू खातोस?"

"कधीतरी."

"बस्त्याव खायचा नाही," ती म्हणाली. माझी आणि तिच्या मुलाची जी काय तुलना व्हायची होती ती तेवढ्यात उरकली. मग तिने कपेलच्या, म्हणजे बेटावरच्या छोट्या चर्चच्या, पायरीवरची करवंटी उचलली. आत समुद्राचं पाणी होतं, नुकतंच आणलेलं, तळाशी चिमूटभर वाळू. "आता चूळ भरायची. गिळायची नाही, सांडायची नाही. हाक संपली की ह्याच करवंटीत थुंकायचं. पाणी परत आलं म्हणजे तू गप्प होतास. नाही आलं तर..."

"तर काय, मावशी?"

"ते जुजेपाटील सांगेल. त्याला सांगायला आवडतं."

जुजेपाटलाला खरंच आवडायचं. तो बेटावरच्या होड्यांचा पाटील, कपेलची किल्ली त्याच्याच कमरेला. त्याने घसा साफ केला.

"माझ्या आज्याच्या वेळची गोष्ट. अंतोन म्हणून एक जण समुद्रात राहिला. त्याच्या बायकोशी लग्न करायला पास्कू म्हणून एक आला, तुझ्यासारखाच, पलीकडचा. बसला अंतोनच्या जागेवर. पहिल्याच हाकेला त्याला शिंक आली. पाणी घशात, आणि तोंडातून भलामोठा आवाज. आता हाकेला आवाज दिला म्हणजे ओ दिली. आणि ओ दिली म्हणजे तो अंतोन."

"म्हणजे?"

"म्हणजे तो अंतोन झाला. बायको मिळाली, पण अंतोन म्हणून. अंतोनच्या आईला आई म्हणाला, अंतोनच्या होडीवर गेला. मेला तेव्हा क्रूसावरही अंतोनच लिहिलं. त्याचा सख्खा भाऊ मयताला आला होता. आम्ही त्याला चहा दिला, पाहुणा म्हणून."

"शिंकेपायी?"

"म्हणून सांगतो, शिंक आली तर नाक दाब," जुजेपाटील म्हणाला.

इथे थोडं थांबून मी तिथे कसा पोचलो ते सांगतो, कारण पुढे माझ्या तोंडात पाणी असणार आहे.

मी त्या वेळी खाडीच्या अलीकडच्या बंदरात लांचींची इंजिनं दुरुस्त करायचो. इनास माझं नाव. वय तिशी ओलांडून बरंच पुढे गेलेलं. मुली बघून बघून आई थकली होती आणि मला बघून बघून मुली. अशात एकदा बेटावरची लांच भर खाडीत बंद पडली आणि मला होडीतून तिथे नेलं. मी इंजिनात डोकं घालून बसलो असताना सुक्या बोंबलांच्या टोपलीवर बसलेली एक बाई म्हणाली, "दुरुस्त करताय की त्याची समजूत काढताय?"

ती पावलीन. बाजाराच्या दिवशी सुकी मासळी घेऊन आमच्या बंदरात यायची. त्यानंतर त्या लांचेचं इंजिन बाजाराच्या दिवशी फार वेळा बिघडायला लागलं. लांच चालवणाऱ्या तांडेलाला माझा संशय येत होता आणि त्याचा संशय बरोबर होता.

पावलीनचा नवरा बस्त्याव बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रावर गेला तो आला नाही. होडी आली, जाळं आलं, बरोबरचे दोघे आले. तो आला नाही, त्याचं शरीरही नाही. आणि त्या बेटावर ज्याचं शरीर येत नाही त्याचं मयत करत नाहीत. वाटमाऊलीच्या कपेलात त्याची बाकावरची जागा असते, तिथे जाळ्याचा दोर बांधून ठेवतात. मिस्साच्या प्रार्थनेवेळी तिथे कुणी बसत नाही. शांतीचा नमस्कार करताना शेजारचा माणूस त्या मोकळ्या जागेलाही हात जोडतो. बायको ना नवऱ्याची, ना विधवा. तिला काळं नेसता येत नाही आणि दुसरं काही नेसलेलं लोकांना बघवत नाही.

त्यातून सुटायची वाट एकच, हाक. ज्याला तिच्याशी लग्न करायचं त्याने दोराच्या जागेवर बसायचं. बाईने आल्तारापाशी, देवाच्या वेदीपाशी, उभं राहून, कपेलच्या उघड्या दाराकडे तोंड करून, हरवलेल्याला तीनदा नावाने हाक मारायची. ओ आली नाही तर तिने दोर सोडायचा. मग ती मोकळी. ओ आली तर दोर कायमचा.

"आजवर कधी आलीय?" मी तिला विचारलं होतं. आम्ही बंदराच्या धक्क्यावर उभे होतो, तिची टोपली विकून रिकामी झाली होती.

"नाही."

"मग भीती कसली? तो ओ देईल ह्याची?"

पावलीनने रिकामी टोपली धक्क्यावर झटकली. "देणार नाही ह्याची," ती म्हणाली.

मग टोपली डोक्यावर घेऊन म्हणाली, "पण एकदा हाक मारूनच टाकते. असं लटकून जगणं नको आता, इनास. आणि हाकेशिवाय तू मला न्यायचं म्हणशील तर मी येणार नाही. म्हातारीला त्या दोराशी एकटी सोडून मी कुठे जाऊ?"

म्हणून मी होळीनंतरच्या त्या भर दुपारी, नवी विजार घालून, वाटमाऊलीच्या दारात आ करून उभा होतो.

कपेल म्हणजे केवढं? आमच्या लांचेची शेड त्याहून मोठी होती. चारशे वर्षांपूर्वी कुणा पोर्तुगीज कप्तानाने बांधलेलं; वादळातून वाचला म्हणून. त्याच वादळात खलाशी बुडाले, त्यांनी काही बांधलं नाही. भिंती हातभरापेक्षाही जाड, चुन्याच्या. दार इतकं बुटकं की आत शिरताना प्रत्येकाला नमस्कार घडतोच. खाली फरशीऐवजी थडग्यांचे दगड, त्यांवरची अक्षरं पायांनी पुसलेली. आल्तारावर वाटमाऊली, तिच्या एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात लहानशी होडी. बाळ किती काळजीपूर्वक धरलं होतं आणि होडी किती सैल, हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा बोलून दाखवायची सोय नव्हती.

नातालबायने करवंटी माझ्या ओठांना लावली. पाणी कोमट होतं. मी गाल फुगवून, वाकून आत गेलो आणि दोर बांधलेल्या जागेवर बसलो.

आत फादर ऑस्वाल्ड होते, नवेच आलेले, तरुण. त्यांना ही पद्धत मान्य नव्हती आणि बेटाला फादर मान्य नव्हते, त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं. "मी फक्त प्रार्थनेला आलोय," त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बाकीचं मी पाहिलेलं नाही." आणि मग त्यांनी प्रार्थना सुरू केली. तोंडात खारं पाणी धरलेल्या माणसाला प्रार्थना किती लांब असते हे मी सांगू शकतो. जिभेखाली वाळू सरकत होती. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती. पास्कूच्या शिंकेची आठवण येत होती आणि आठवणीने शिंक येत होती.

लोक माझ्यामागे दाटीवाटीने बसले. माझ्या बाकावर मात्र कुणी नव्हतं. पुढच्या बाकावर एकटी नातालबाय, पाठमोरी, हातात माळ.

पावलीन आल्तारापाशी जाऊन वळली. तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून दाराबाहेर, जिथे समुद्र होता, तिकडे बघत होती.

"बस्त्याव," तिने हाक मारली.

आवाज बारीक निघाला. बाहेर लाटा होत्या, माडांच्या झावळ्या होत्या, कुणाची तरी कोंबडी होती. सगळं आपापलं काम करत होतं.

"मोठ्याने मार गो," मागून जुजेपाटील म्हणाला. "समुद्रापर्यंत जायला पाहिजे."

"बस्त्याव!"

ह्या खेपेला एक गोष्ट झाली. लाटांचा आवाज थांबला. वारा पडतो तसा नव्हे. कानांवर कुणी हात ठेवावेत तसा. कोंबडी थांबली. मागे कुणाचं तरी खोकणं अर्ध्यातच राहिलं. भिंती जाड होत्या हे मी सांगितलंच, पण आता त्या ऐकत असल्यासारख्या वाटल्या. मला माझ्या तोंडातलं पाणी ऐकू येत होतं.

पावलीनने ओठ ओले केले. "बस्त्याव," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि ही हाक मोठी नव्हती. समुद्रापर्यंत जाणारी नव्हतीच. अंगणात बसलेल्या माणसाला घरातून मारावी तशी होती.

"ओ."

मी आयुष्यात बरीच भुतं ऐकलीत, बहुतेक दारूच्या दुकानाबाहेर. त्यांतली सगळी किंकाळ्या मारतात, पैंजण वाजवतात. ही ओ तसली नव्हती. जाळं विणत बसलेला माणूस बायकोच्या हाकेला मान वर न करता देतो, थोडी त्रासल्यासारखी, आलोच म्हणणारी, तशी ती साधी ओ होती. जाड, ढोलात घुमल्यासारखा आवाज. आणि ती दारातून आली नाही. माझ्या खांद्याशी आली, डावीकडून, कान आणि भिंतीच्या मधल्या जागेतून. एक माणूस बसेल एवढीच जागा होती तिथे.

मी पावलीनचा चेहरा बघत होतो. तो मी अजून विसरलो नाही. ती घाबरली नाही. तिचा चेहरा एकदम घरचा झाला. "किती वेळ झाला, भाकरी..." ती सहज म्हणून गेली, आणि मग आपण कुठे उभ्या आहोत ते तिला कळलं. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

मागे बाकं करकरली. कुणी तरी रडायला लागलं, कुणी मोठ्याने 'नमो मारिया' धरली.

"वारा," फादर म्हणाले. त्यांचा रंग वाटमाऊलीच्या पांढऱ्या पायांसारखा झाला होता. "दार उघडं आहे, वारा असेल."

"फादर, वारा ओ देत नाही," जुजेपाटील म्हणाला. तो उठून बाकांच्या मधून पुढे आला. पद्धत सांगायची वेळ आली होती आणि त्याला सांगायला आवडायचं. "सगळ्यांनी ऐकली. बस्त्यावची आहे. पावलीन, हात लावू नको दोराला. आज नाही आणि कधीच नाही. तो इथेच आहे, त्याने तुला सोडलेली नाही."

पावलीनने तोंडावरचे हात काढले नाहीत. फक्त मान हलवली, एकदा, होकारार्थी. फाशीची शिक्षा ऐकून माणूस साहेबाचे आभार मानतो तशी. तिला वाटलं होतं एक दिवस मोकळी होईन, नाहीतर निदान रडून घेईन. दोन्ही गेलं. आता ती मरेपर्यंत त्या दोराची बायको.

"आणि तू ऊठ," जुजेपाटील मला म्हणाला. "थुंक करवंटीत आणि जा आपल्या घरी. तुझा काही दोष नाही."

तोंडात पाणी तसंच होतं. एक थेंब सांडला नव्हता. ते करवंटीत थुंकलं की झालं. मी गप्प होतो हे सिद्ध, ओ मेलेल्याची हे सिद्ध, आणि संध्याकाळच्या लांचेने मी आईकडे.

मी गिळलं.

एका घोटात, वाळूसकट. डोळ्यांत पाणी आलं, घसा जळला. मी उठून उभा राहिलो आणि जुजेपाटलाने पुढे केलेली करवंटी उलटी केली.

"काही नाही येणार," मी म्हणालो. "गिळलं मी. ओ मीच दिली."

"काय?"

"घाबरलो. तिसऱ्या हाकेला घाबरलो आणि तोंडातून निघून गेली."

पावलीन आता खरीखुरी माझ्याकडे बघत होती.

"आ कर," जुजेपाटील म्हणाला. त्या दिवशी माझं तोंड फार लोकांनी पाहिलं. त्याने वाकून पाहिलं, खालून पाहिलं. "कोरडं आहे," त्याने लोकांना सांगितलं. मग पुन्हा माझ्याकडे वळून, "पण हा आवाज तुझा? तुझा आवाज तर..."

"इनास," फादर हळूच म्हणाले, "तू आल्तारासमोर उभा आहेस हं."

"दिसतंय फादर, समोरच आहे," मी म्हणालो.

"असं नाही चालणार," जुजेपाटील म्हणाला. "इथे निम्मं बेट बस्त्यावबरोबर होडीवर वाढलंय. आवाज ओळखायचा तर जिने ओळखायला पाहिजे ती बसलीय पुढे. नातालबाय! सांग तू. पोराचा आवाज तुझ्याइतका कुणाला ठाऊक?"

नातालबाय इतका वेळ हलली नव्हती. आता तिने माळ चोळीत खोचली, काठी शोधली आणि उठली. सावकाश माझ्यासमोर आली. एवढीशी बाई, माझ्या छातीपर्यंतसुद्धा नव्हती. तिने वर माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या खांद्याकडे, भिंतीजवळ, आणि तिथे जरा जास्त वेळ.

"मी मारते हाक," ती म्हणाली. "बस्त्याव!"

"ओ," मी म्हणालो.

खरं सांगतो, मी प्रयत्न केला. छातीतून आवाज काढायला गेलो. पण घसा मिठाने सोललेला, त्यात खोकला आला, आणि मुळात माझा आवाज बारीक, नाकातला. इंजिनवाले मला पाठीमागे शिट्टी म्हणायचे. ढोल कुठे आणि शिट्टी कुठे. बाहेरच्या कोंबडीलाही फरक कळला असता. मागे कुणीतरी चक्क हसलं, आणि लगेच गप्प झालं.

नातालबायच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मला दिसत होतं की तिला सगळं कळलंय. हा दोर तिनेच बांधला होता. एवढी वर्षं मिस्साआधी त्यावरची धूळ तिनेच पुसली होती. तिने एक शब्द बोलायचा होता, खरा शब्द, की तिचा मुलगा त्या कपेलात कायमचा राहणार होता.

"हाच," ती म्हणाली. "मघाचा हाच आवाज."

"नातालबाय, अगो, ऐक तरी..."

"त्याची आई मी आहे की तू?"

पद्धतीत ह्याच्यापुढे काही सांगितलेलंच नव्हतं.

"सोड गो दोर," म्हातारी पावलीनला म्हणाली. "तुझा नवरा ओ देतोय, ऐकू येत नाही का?"

पावलीन खाली बसली. गाठ खाऱ्या हवेने दगड झाली होती, नखांनी सुटेना. शेवटी तिने दातांनी सोडवली. आणि दोर हातात आला तेव्हा ती रडली, इतकी वर्षं राहिलेलं, मोठ्याने, बाकाला डोकं टेकून. कुणी तिला थांबवलं नाही. नातालबाय तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा लाटा पुन्हा सुरू झाल्या होत्या. लोक माझ्याजवळून जाताना "येतो बस्त्याव," "संध्याकाळी होडीवर ये रे बस्त्याव" म्हणत होते. अर्धे गंभीरपणे, अर्धे मिशीत हसत, पण म्हणत होते सगळेच.

पावलीनने मला भिंतीआड ओढलं.

"खरं सांग. तूच दिलीस ओ?"

"मीच."

"शपथ?"

"आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं ना."

"मग आवाज तसा का आला?"

"तोंडात पाणी होतं," मी म्हणालो. "पाण्यातून आवाज तसाच येतो."

बोललो आणि माझ्याच अंगावर काटा आला. पण तिने सुस्कारा सोडला. इतका लांब की मला वाटलं, एवढी हवा हिच्यात होती कुठे. मग रडक्या डोळ्यांनीच ती हसली. "शिट्टी कुठला," ती म्हणाली. "म्हणजे तो नव्हता."

"नव्हता."

"तो गेला."

"गेला, पावलीन."

ह्यानंतर तिने मला हे कधी विचारलं नाही, आणि मीही तिला ती हयात असेपर्यंत सांगितलं नाही.

लग्न पुढच्याच आठवड्यात झालं. फादरांनी लग्नाच्या वचनात इनास म्हटलं तेव्हा सगळे एकदम खोकले, म्हणजे नाव कुणी ऐकलं असं व्हायला नको. माझ्या आईला मी आधीच जाऊन सांगितलं होतं की मला आता तिथे बस्त्याव म्हणतील, आणि तिला तिथे पाहुणी म्हणून यावं लागेल. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. "आपल्यात तसे दोन इनास आणखी आहेत," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "पण मी माझ्या घरात इनासच म्हणणार. आणि मला चहा नको त्यांचा." लग्नात ती शेवटच्या बाकावर बसली आणि कुणाशी बोलली नाही. हे माझ्या मनाला अजून लागतं, पण त्याला इलाज नव्हता.

लग्नाला दोन-चार दिवस झाले असतील. भर दुपार, जेवणं झालेली, पावलीन मासळी वाळत घालायला खळ्यावर गेलेली. नातालबाय काठी घेऊन दारात उभी राहिली.

"चल," ती मला म्हणाली.

"कुठे, आये?" आये म्हणायची जिभेला सवय होत होती.

ती पुढे चालायला लागली. आम्ही कपेलकडे गेलो. जुजेपाटलाकडची किल्ली तिने कमरेला लावली होती. रोज दुपारी तो ती तिला द्यायचा, हे मला नंतर कळलं. आत थंड होतं. तिने मला त्याच बाकावर, त्याच जागी बसवलं. आता दोर नव्हता. ती पुढच्या बाकावर बसली, पाठमोरी.

"लोकांना वाटतं मी दुपारी माळ जपायला येते," ती आल्ताराकडे बघत म्हणाली. "मी हाक मारायला यायची. तो गेला त्या महिन्यापासून. मी हाक मारायची, तो ओ द्यायचा. बस, तेवढंच. मग मी घरी जायची."

मी डावीकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"रोज, आये?"

"रोज. नाहीतर मी एवढी वर्षं जगले कशी?" तिने नाक शिंकरलं. "मी त्याला बजावलं होतं. म्हटलं, पावलीन हाक घालणार आहे, तू गप्प राहा. पोरीला जाऊ दे. हो म्हणाला. आणि ऐन वेळी ओ दिली. लहानपणापासून हेच. बायकोने हाक मारली की ह्याला राहवतच नाही."

"मग तुम्ही हाच म्हणालात तेव्हा..."

"मग काय म्हणू?" तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पण त्याला लागलं असणार. आईनेच सगळ्यांसमोर दुसऱ्याला हाच म्हटलं. त्या दिवसापासून येते, हाक मारते, ओ देत नाही. रुसलाय, की गेलाय, मला काय कळणार? घरी जाऊन बसते, जेवण जात नाही." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणून तुला आणलं. तू सगळ्यांसमोर म्हणालास ना, मी बस्त्याव. मग दे ओ. मला ऐकल्याशिवाय घरी जाता येत नाही रे."

मी हो म्हणालो. एवढी साधी गोष्ट होती. एका म्हाताऱ्या बाईला दुपारी एकदा ओ द्यायची. जगात लोक ह्याहून अवघड कामं करतात.

तिने पाठ सरळ केली, पदर नीट केला, पोराला शाळेतून आणायला निघालेल्या बाईसारखा.

"बस्त्याव," तिने हाक मारली.

"ओ," आम्ही म्हणालो.

तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त काठी दगडावर एकदा आपटली.

"एकेकाने बोला रे," ती म्हणाली. "दोघे एकदम बोललात की मला काही कळत नाही."